जाळीसाठी हुबळीपर्यंत

हुबळी स्टेशनवर उतरून पाच मिनिटं झाली नसतील, तोच माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला, हातात एक लिंबू आलं आणि काठापदराच्या साडीतल्या एक बाई मला नमस्कार करून म्हणाल्या, "तुमच्या धैर्याबद्दल फार ऐकलंय की हो." मी आजवर हार घातले ते गावच्या नाटकात, तेही खेळ संपल्यावर परत करायच्या अटीवर. त्यामुळं हा मी मनापासून स्वीकारला. मान झुकवली, डोळे अर्धे मिटले, हात छातीशी नेला. मागून वहिनींचा आवाज आला.

"भाऊजी, तो माझा आहे. काढा."

तिथून तीन दिवस मी वैतागलेला होतो. हाराचं निमित्त झालं एवढंच. ज्यांना हुबळी-धारवाडला जायचा योग आला नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय, पण माझा वैताग वगळून तुम्हाला फक्त गाव दाखवणं मला जमणार नाही. दोन्ही एकत्रच घ्यावं लागेल.

आधी माणसं सांगतो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, शालन. तासगावात आमची पिठाची गिरणी आहे. एकोणीस वर्षांपूर्वी त्या गिरणीच्या पट्ट्यानं वहिनींचा अंबाडा धरला आणि अंबाड्याबरोबर डोक्याची कातडी आणि उजवा कान नेला. सात महिने मिरजेचा दवाखाना, मांडीची कातडी काढून डोक्याला लावणं, मग चार वर्षं घराचा उंबरा न ओलांडणं. एके दिवशी शेजारच्या गावच्या बचत गटातल्या एका बाईनं घरी येऊन सांगितलं की आमच्या गिरणीच्या पट्ट्यालाही जाळी नाही, मालक ऐकत नाही, तुम्ही येऊन नुसत्या उभ्या राहा. वहिनी गेल्या. नुसत्या उभ्या राहायच्या ऐवजी दहा मिनिटं बोलल्या. आठवड्यात तिथं जाळी लागली. तेव्हापासून त्या बोलतायत.

त्यांच्या भाषणाला सामान लागतं. सुताराकडून त्यांनी एक फळी करून घेतली आहे. तिच्यावर दोन लाकडी चाकं, त्यांच्यावर चामडी पट्टा, मोठ्या चाकाला फिरवायचा दांडा. दांडा मी फिरवतो. मग वहिनी काळ्या लोकरीची वेणी दोन बोटांत धरून पट्ट्याजवळ नेतात. वेणी गेलेली दिसतच नाही. आधी बोटांत होती, आता चाकात आहे, एवढंच लोकांना कळतं. नंतर त्या चाकांवर जाळीचं झाकण ठेवतात, दुसरी वेणी काढतात आणि मला म्हणतात, "आता फिरवा." वेणी जाळीवर लोळत राहते. ही फळी साडेआठ किलोची आहे. ती मी उचलतो.

आणि हेही इथंच सांगून टाकतो, पुढं धीर झाला नाही तर? आमच्या पट्ट्याला जाळी होती. खंडेनवमीच्या पूजेसाठी ती मी काढली होती. हळदीकुंकू चाकालाच लागलं पाहिजे, हार चाकालाच पडला पाहिजे, जाळीवरून कसली पूजा, असं माझं म्हणणं. मी त्या चाकाला असं सजवलं होतं की बघायला गल्ली लोटली. जाळी भिंतीला टेकवून ठेवली आणि दादाला म्हटलं, उद्या लावतो. दुसऱ्या दिवशी दसरा, सोनं वाटायचं होतं. तिसऱ्या दिवशी नाटकाची तालीम होती, मी सेनापती होतो. त्या तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी सांडलेलं पीठ भरायला चाकाजवळ वाकल्या.

वहिनी भाषणात एवढंच सांगतात की जाळी पूजेला काढलेली, लावायची राहिली. कोणाची राहिली हे सांगत नाहीत. मी शेजारी दांडा धरून उभा असतो. सभेनंतर बायका येऊन मला म्हणतात, असा दीर नशिबानं मिळतो. मी मान खाली घालतो आणि ते विनयात धरलं जातं.

कोप्पीकर रोड

आम्हाला बोलावलं होतं लीलाक्कांनी. हार घालणाऱ्या त्याच. त्यांच्या यजमानांचं कोप्पीकर रोडला कापडाचं दुकान आहे. घराणं मूळ आमच्याच सांगली भागातलं, पण चार पिढ्या हुबळीत. त्यामुळं वाक्य मराठीत निघतं आणि कानडीत पोचतं. सांगलीच्या एका लग्नात त्यांनी वहिनींना ऐकलं होतं आणि तिथंच हात धरून सांगितलं होतं, "आमच्या अमरगोळला या की. मार्केट यार्डाच्या मागं मिरची कुटायच्या गिरण्यांची रांगच आहे. खंडेनवमीला सगळ्या जाळ्या काढतात बघा."

वहिनी निघाल्या त्या एवढ्यासाठी. खंडेनवमीच्या आत अमरगोळला पोचायचं, जाळ्या निघायच्या आत. आम्ही दोन दिवस आधी उतरलो होतो, म्हणजे वेळ भरपूर होता. तो लीलाक्कांनी आधीच वाटून टाकला होता.

"आज महिला मंडळ, उद्या धारवाडला सरांकडं. अमरगोळ परवा."

"परवा खंडेनवमीच आहे," वहिनी म्हणाल्या.

"मग काय झालं? सगळे भेटतात की परवा. आज गेलात तर कोण असतंय तिथं, हमाल असतात."

"मला हमालच पाहिजेत."

लीलाक्का हसल्या. त्यांना वाटलं वहिनी विनोद करतायत. वहिनी विनोद करत नाहीत. ते खातं माझ्याकडं आहे.

महिला मंडळ दुकानाच्या वरच्या माळ्यावर भरलं होतं. कार्यक्रम चारचा. साडेचारला दीप लावला, मग प्रार्थना मराठीत, मग प्रार्थना कानडीत, मग स्वागतगीत, मग स्वागत करणाऱ्यांचं स्वागत. आमच्या तासगावात लोक पाहुण्याला दोन शब्द बोलायला लावून लगेच चहा आणतात. इथं पाहुण्याला आधी शाल घालतात, मग फळांची परडी देतात, मग ती परडी धरून फोटो काढतात, मग परडी परत घेऊन पुढच्या पाहुण्याला देतात. मी मोजलं, ती एकच परडी पाच जणींना मिळाली. सहावा मी. मला त्यातलं सफरचंद उचलायचा मोह झाला, पण वहिनींनी बघितलं.

मग गजरे आले. मोगऱ्याचे नव्हे, इथली काकड्याची पांढरी फुलं आणि मध्ये अबोली, घट्ट विणलेले, बघूनच जीव निवावा असे. सत्तरीच्या एक बाई ताट घेऊन रांगेनं निघाल्या. प्रत्येकीच्या मागं जायचं, अंबाड्यात गजरा खोचायचा, पुढं सरकायचं. त्यांचा हात इतका सरावलेला होता की त्या बघतही नव्हत्या, शेजारणीशी बोलत होत्या. त्या वहिनींच्या मागं आल्या. डोक्यावरचा पदर बोटांनी जरा वर केला. आणि बोटं तिथंच राहिली.

वहिनी काय ते समजल्या. मागं हात नेऊन त्यांनी बाईंच्या हातातला गजरा काढून घेतला आणि मला म्हणाल्या, "मनगट पुढं करा." माझ्या मनगटाला गजरा बांधून, माझ्या टकलाकडं बोट करत त्या बाईंकडं वळल्या. "ह्यांच्याही डोक्यावर टिकला नसता. बसा तुम्ही. पुढच्या राहिल्यात."

बाया हसल्या, पण ताटवाल्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. तिथंच घात झाला. एकीला रडू आलं की दुसरीला येतं आणि लीलाक्कांना वाटायला लागलं की कार्यक्रम रंगला. त्यांनी माईक घेऊन वहिनींची ओळख करून दिली. त्यात दुर्दैव तीनदा आलं, नियती दोनदा, आणि जाळी एकदाही नाही. वहिनी बोलायला उठल्या तेव्हा सहाला दहा कमी होते आणि सहाला हॉल रिकामा करून द्यायचा होता. खाली उतरून कोणाकोणाला संध्याकाळचा स्वयंपाक होता.

वहिनींनी दहा मिनिटांत जेवढं बसेल तेवढं बसवलं. मी दांडा फिरवला, वेणी गेली, बायकांनी तोंडावर हात ठेवले. झाकण दाखवायचं राहिलं, कारण लीलाक्का कानाशी येऊन म्हणाल्या, "अक्का, तो दिवस जरा सविस्तर सांगा की. पट्टा, रक्त, ते. सगळ्या थांबल्यात."

"तो दिवस सांगून काय करू? झाकण दाखवते," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून प्रश्न आला. तो प्रश्न प्रत्येक गावात येतो. माणसं वेगळी, भाषा वेगळी, प्रश्न तोच. "तुमचे केस मोकळे होते का हो?"

"अंबाडा होता," वहिनी म्हणाल्या.

"घट्ट नसेल."

मला त्या बाईच्या अंगावर लिंबू फेकावंसं वाटलं. मग वाटलं, ह्यांना काय बोलायचं? त्यांना उत्तर देता येईल असा एकच माणूस त्या हॉलमध्ये होता आणि तो मनगटाला गजरा बांधून गप्प उभा होता.

रात्रीच्या जेवणाचं काय सांगू, त्यावरही मी चिडलो होतो, पण ताटात ज्वारीची भाकरी आली. इथं तिला रोट्टी म्हणतात आणि कागदासारखी पातळ, कडक करतात. आमची भाकरी दोन हातांनी मोडावी लागते, ही बोटांनी मोडते आणि वाजते. बरोबर भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, वर घट्ट दही. चिडलेल्या माणसाला असं जेवण द्यायला नको. चीड टिकत नाही.

मळमड्डी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयत्न करून बघितला. लीलाक्कांना म्हटलं, धारवाड राहू दे, अमरगोळ वाटेतच आहे, बस तिथं थांबवू. त्या म्हणाल्या, सरांनी पुरी भाजायला टाकली असेल. मी म्हटलं, पुरी तळतात. त्या म्हणाल्या, तेच ते, कढई तापली असेल. ह्यावर माणूस काय बोलणार? बसमधून अमरगोळ उजवीकडं गेलं. मिरचीचा वास खिडकीतून आला, वहिनींनी मान वळवून तिकडं बघितलं आणि बस पुढं गेली.

धारवाड हुबळीपेक्षा सावकाश आहे. हुबळीत रस्ता ओलांडायला धावावं लागतं, धारवाडात रस्ता तुम्हाला ओलांडू देतो आणि वर विचारतो, कोणाकडं आलात? मळमड्डीत जुनी बैठी घरं, दारात स्कूटर, कुंपणाला जास्वंद, आणि निम्म्या फाटकांवर निवृत्त शब्द लिहिलेल्या पाट्या. सर निवृत्त प्राध्यापक होते. त्यांच्या पुढच्या खोलीत अकरा माणसं बसली होती, सगळी निवृत्त, सगळ्यांना वेळ होता. वहिनींना नव्हता.

सर प्रेमळ होते, हे आधी लिहितो. पुरी गरम होती, पेढ्याचा पुडा माझ्याच जवळ ठेवला होता. पण वहिनींचं बोलणं संपलं की सर म्हणाले, फार प्रभावी, फक्त सुरुवात शेवटी घ्या. एका गृहस्थांनी सुचवलं की याचं निवेदन तयार करावं. दुसऱ्यांनी सांगितलं की नियम आहेच, कारखान्यांसाठी आहे, लहान गिरण्यांना लागू होतो का हे बघावं लागेल. मग तो लागू होतो की नाही यावर तास गेला. वहिनी फळीवरच्या चाकाचं वंगण पुसत बसल्या. मी पेढे खात बसलो. धारवाडी पेढा आपल्या पेढ्यासारखा पांढरा, गुळगुळीत नसतो. तो भाजून भाजून तांबूस झालेला, साखरेत लोळलेला असतो आणि एकावर थांबता येत नाही. पाचव्या पेढ्याला मला ऐकू आलं.

"एक समजलं नाही," निवृत्त इंजिनिअर होते ते, आवाज अगदी साधा. "जाळी होती म्हणता. मग काढली कोणी?"

पेढा माझ्या घशात अडकला. साखर श्वासात गेली आणि मला असा ठसका लागला की सर उठून पाठीवर थापट्या मारायला लागले. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. वहिनी माझ्याकडं बघत नव्हत्या.

"घरातल्याच माणसानं," त्या म्हणाल्या. "पूजेसाठी."

"निष्काळजीपणा," इंजिनिअर म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाल्या आणि फळी पिशवीत घालायला लागल्या.

अंधार पडल्यावर मिळालेल्या परतीच्या रिक्षात लीलाक्का पुढं ड्रायव्हरशी कानडीत भाजीचे भाव बोलत होत्या. मागं आम्ही दोघं, मध्ये फळी. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही माझं नाव घेत जा. मला चालेल. मी हे थोडं नाटकी बोललो असणार, छातीवर हात ठेवून वगैरे. जन्माची खोड.

वहिनींनी थोडा वेळ बाहेर बघितलं. "मी नाव घेतलं की ते गाऱ्हाणं होतं, भाऊजी. मग लोक तुमच्याकडं बघतात, माझ्याकडं बघतात, चाकाकडं कोण बघत नाही. आणि गाऱ्हाणं करायला मी एवढ्या लांब येत नाही."

"मग केसांचं विचारतात तेव्हा?"

"तेव्हा मला बरं वाटत नाही," त्या म्हणाल्या. एकोणीस वर्षांत हे त्या पहिल्यांदा बोलल्या. "पण ते सांगायचं तर तुमचं आहे. माझं नाही."

पुढं नवनगर येईपर्यंत मी फळीच्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिलो.

अमरगोळ

खंडेनवमीला सकाळी आम्ही अमरगोळला पोचलो आणि व्हायचं तेच झालेलं होतं. जाळ्या निघालेल्या होत्या.

यार्डाच्या मागच्या रस्त्याला पत्र्याच्या सात गिरण्या ओळीनं होत्या. मशिनं धुतलेली, पुसलेली, केळीचे खुंट बांधलेले, चाकांना झेंडूचे हार, पट्ट्यांवर हळदीची बोटं. प्रत्येक गिरणीत जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली. सणाचा दिवस म्हणून काम बंद होतं, तरी मिरचीची धूळ हवेतच होती. लीलाक्का सराईत, नाकाला पदर लावून उभ्या. मी एकामागून एक अकरा शिंका दिल्या आणि प्रत्येक शिंकेला पलीकडचा एक म्हातारा हमाल मनापासून काहीतरी शुभ बोलत होता.

पहिली गिरणी चन्नप्पांची. ह्या रांगेत सगळे त्यांचं बघून करतात, असं लीलाक्का म्हणाल्या. चन्नप्पा गोल चेहऱ्याचे, कपाळाला विभूती, बोलताना समोरच्याचा हात धरायची सवय. त्यांनी माझा हात धरला तो सोडला नाही. "बर्री अण्णा, बर्री," या या म्हणत त्यांनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. दहा-बारा बाया, पाच-सहा हमाल, शेजारचे दोन मालक जमले. पूजा उरकली होती. आता मुहूर्तावर मशीन मिनिटभर चालवायचं, मूठभर मिरची कुटायची आणि त्याचं तिखट घरोघर प्रसादासारखं न्यायचं, अशी इथली रीत. मशीन चालवणार होती गंगव्वा. ती वर्षभर इथं मिरची टाकते. चाळिशीची, सणाची नवी हिरवी साडी, पाठीवर कमरेपर्यंत वेणी आणि वेणीभर काकड्याची फुलं. बटणाशी जाऊन ती उभीच होती. बटण चाकाच्या शेजारी, हातभर अंतरावर.

मी वहिनींकडं बघितलं. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

"आधी आपलं दाखवू," त्या म्हणाल्या. "मग चालवा म्हणावं."

वहिनींना कानडी थोडंफार समजतं पण बोलता येत नाही. माझं आजोळ अथणीचं, मला दोन्ही येतं, म्हणून मी दुभाष्या. वहिनी एक वाक्य बोलायच्या, मी कानडीत सांगायचो. दांडा फिरवला. वेणी गेली. इथल्या बायांनी तोंडावर हात ठेवला नाही, त्या पुढं वाकल्या आणि एकीनं चाकात अडकलेली लोकर ओढून बघितली. कामाच्या माणसांना असं बघायची सवय असते. मग वहिनींनी डोक्यावरचा पदर काढला. हे त्या हॉलमध्ये करत नाहीत.

चन्नप्पांनी माझा हात सोडला. त्यांचे डोळे भरले. फार वाईट झालं, म्हणाले. मग म्हणाले, आमच्याकडं जाळी असतेच, बघा ना, ती काय तिथं. आज चाकाला कुंकू लागलंय, आज देव झाकायचा नाही. "नाळे हाकोण," उद्या लावू.

मी ते वहिनींना मराठीत सांगितलं. उद्या लावू. तोंडातून शब्द बाहेर पडला आणि मला माझाच जुना आवाज ऐकू आला, झेंडूचा हार हातात घेतलेला.

वहिनी म्हणाल्या, मिनिटभर चालवायचं तरी जाळी लावून चालवा. चन्नप्पा हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. म्हणाले, मिनिटाचा प्रश्न आहे अक्का, आणि आमची गंगव्वा फार जपून काम करते. जपणाऱ्या बाईला काही होत नाही.

हे मला कानडीतून मराठीत आणायचं होतं. मी आणलं नाही. वहिनींना ते तसंही समजलं होतं.

तेवढ्यात गंगव्वा बटणाशेजारून वळली. तिनं वहिनींच्या डोक्याकडं बघितलं, भिंतीजवळच्या जाळीकडं बघितलं आणि मला विचारलं, वहिनींना नाही, मला, कारण बोलत मी होतो. "यार तगदिद्रु?" ह्यांच्या गिरणीतली जाळी कोणी काढली होती?

मी वहिनींकडं बघितलं. त्या लोकरीची वेणी गुंडाळत होत्या. मी काय सांगतोय हे ऐकायचीही त्यांना घाई नव्हती.

"ना तगदिद्दे," मी म्हणालो. मी काढली होती.

एवढं बोलून मला वाटलं की आता पुढचं छान सांगता येईल. मी चांगला सांगतो, सगळे म्हणतात. पण तुटक तुटक सांगितलं. पूजा होती. हार मी घातला. दादाला म्हटलं, नाळे. मग दसरा होता. मग नाटक होतं. तिसऱ्या दिवशी ह्या वाकल्या. अंबाडा घट्ट होता. ह्या माझ्यापेक्षा जपून काम करतात, आजही. ह्यांचं काही चुकलं नव्हतं.

शिंकांना शुभ बोलणारा हमाल हळूच म्हणाला, शिवा शिवा.

गंगव्वा भिंतीकडं गेली, जाळी उचलली आणि चन्नप्पांच्या पुढ्यात ठेवली. ती म्हणाली, मालक, ही लावल्याशिवाय मी बटणाला हात लावणार नाही. सण असला तरी नाही.

चन्नप्पांची पंचाईत झाली. सगळे बघत होते, शेजारचे दोन मालकही. ते म्हणाले, कुंकू चाकाला आहे गं, देव आत राहतो.

मी हे मराठीत सांगितल्यावर वहिनी उठल्या. पूजेच्या ताटातून बोटभर कुंकू घेतलं आणि जाळीला लावलं. "देवाला जाळीतून दिसतं म्हणावं. आम्हा बायकांनाच आत हात घालायला लागतो."

हे मी कानडीत सांगितलं आणि बाया हसल्या, चन्नप्पाही हसले, थोडे लाजून. त्यांनी पाना मागवला. पाना मी घेतला. हे काम माझं होतं आणि ते मी दुसऱ्याला करू देणार नव्हतो. चन्नप्पांनी जाळी धरली, मी बोल्ट आवळले. चार बोल्ट. चहा गार व्हायच्या आत संपलं. मी शेवटचा बोल्ट आवळून उगाच आणखी दोनदा आवळला. इतकंच होतं ते काम. एवढंच काम मी तीन दिवस उद्यावर ढकललं होतं.

मग गंगव्वानं बटण दाबलं. पट्टा फिरला, जाळी थरथरली, तिखटाचा ढग उठला आणि सगळी सभा एकदम शिंकायला लागली. शिंकत शिंकत मी बाहेर बघितलं, तर शेजारच्या गिरणीतला मालक भिंतीजवळची जाळी उचलून आपल्या चाकाकडं निघाला होता. बाकीच्या पाच तशाच टेकलेल्या होत्या. हेही लिहायला पाहिजे. चन्नप्पा म्हणाले, संध्याकाळपर्यंत लागतील, मी बघतो. मी म्हटलं, आत्ता बघा, मी पाना घेऊन येतो. आम्ही दोघं गेलो. दोन मालकांनी लावून घेतल्या, एक भांडला, दोन गिरण्यांना तोवर कुलूप लागलं होतं. त्या दोन कुलपांवर मी अजून चिडलेलो आहे. भांडलेल्यावरही. चन्नप्पांनी शब्द दिलाय, आणि मी दर आठवड्याला त्यांना फोन करतो. माझा आवाज ऐकला की ते आता नमस्काराच्या आधी जाळ्यांचं सांगतात.

आम्ही परत आलो तेव्हा वहिनी आणि गंगव्वा पोत्यावर शेजारी बसल्या होत्या. दोघींना एकमेकींशी बोलायला भाषा नव्हती. गंगव्वानं आपल्या वेणीतली निम्मी माळ तोडून वहिनींच्या हातात दिली. सणाला आलेल्या बाईला इथं फुलांशिवाय जाऊ देत नाहीत, डोक्याला असो वा हाताला. वहिनींनी माळ हातात घेतली, वास घेतला, उठल्या आणि जाळीच्या वरच्या दोन बोल्टांना ती आडवी बांधली. चाकाचा झेंडू आत राहिला होता, काकडा बाहेर आला.

सांगलीच्या गाडीत बसल्यावर लीलाक्कांनी खिडकीतून रोट्ट्यांचा डबा दिला आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी आधी अमरगोळ, मग बाकी सगळं. गाडी सुटली. फळी माझ्या मांडीवर होती, कारण वर जागा नव्हती. मी वाट बघत होतो की वहिनी काही बोलतील. रागावतील, किंवा बरं केलंत म्हणतील. रडतील असंही वाटलं होतं. त्यासाठी माझी तयारी होती, रुमाल बाहेर काढून ठेवला होता.

त्यांनी डबा उघडला, एक रोट्टी मोडून निम्मी मला दिली.

"पुढच्या वेळी," त्या म्हणाल्या, "तेवढं तुम्हीच सांगत जा. मला तेवढ्यात पाणी पिता येईल."